आक्काबाई म्हणाली, चूक माझी

कुत्रं चावलं याचा मला जेवढा धक्का बसला नाही, तेवढा त्या संध्याकाळी कुत्र्याची मालकीण माझ्या दारात येऊन जे बोलली त्याचा बसला. मी आजवर शहरात जी माणसं पाहिली ती अशी, की गाडीनं धक्का मारणार आणि वर आपल्यालाच म्हणणार, बघून चालता येत नाही का. अशा लोकांशी भांडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. हिची जीभ हिच्या कातरीपेक्षा जास्त चालते, असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

मी वहिदा. माहेर वैजापूरचं, शाळा मराठी, धंदा ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचा. पैठण रोडला आमची बिल्डिंग आहे, तिच्या तळमजल्यावर आम्ही राहतो आणि पुढच्या खोलीत माझी मशीन आहे. ही गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या आक्काबाईची. पण मध्ये मध्ये मी येणारच, कारण चावलं मला.

आक्काबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचा जन्मच वाटेवर झालेला. कुठल्या गावात झाला असं विचारलं तर म्हणते, "गाव कसलं घिऊन बसलीस, मेंढरं बसली व्हती तिथं झाला." लगीन झालं सूर्यभानशी. त्याचाही वाडा होता. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरांचा कळप आणि त्याच्यासोबत चालणारं बिऱ्हाड, त्याला ही माणसं वाडा म्हणतात. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा, शेताशेतात मेंढरं बसवत जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. आक्काबाईचे पाय त्यात झिजले. पुढं सूर्यभान वारला, चरायला रानं उरली नाहीत, आणि एकुलता एक मुलगा गोकुळ चितेगावच्या एका कंपनीत लागला. त्यानं मेंढरं विकली, फ्लॅट घेतला आणि आईला इथं आणलं. वाड्यातलं तिच्यासोबत आलं ते एकच, भुऱ्या.

भुऱ्या म्हणजे वाड्याचा राखणदार. उंच, मातकट रंगाचा, तोंडावर काळा. असल्या कुत्र्याला बिल्डिंगीत बघून आमचे चेअरमन नानासाहेब पार गारठले. त्यांनी गोकुळला सांगितलं, कुत्रा ठेवायचा असेल तर त्याचा विमा काढ, उद्या कुणाला चावला तर सोसायटीच्या गळ्यात नको. विमा काढून दिला माझ्या दिरानं. मुनीब त्याचं नाव, तो एजंट आहे.

त्या दिवशी मुनीब आक्काबाईला विमा समजावून सांगत होता आणि मी दारातून ऐकत होते.

"कुत्र्याचा इमा?" आक्काबाई म्हणाली. "त्यो मेल्यावर पैशे कुणाला, मेंढरांना?"

"मरायचा नाही, आक्का. चावायचा. तो कुणाला चावला तर त्या माणसाचा दवाखान्याचा खर्च, नुकसान, सगळं कंपनी देणार."

"आन माफी?"

"माफी कशाची?"

"चावल्याची. ती बी कंपनीच मागती व्हय?"

मुनीब हसला, मीही हसले. बाईला काही कळत नाही, असं वाटलं मला. सही गोकुळनं केली, आणि भुऱ्या रीतसर बिल्डिंगीचा झाला.

पण त्याला इथं काही काम नव्हतं. दिवसभर पार्किंगमध्ये गोकुळच्या मोटारसायकलखाली पडून असायचा. कुणाच्या अंगावर जायचा नाही, कुणाजवळ यायचाही नाही. आक्काबाईचंही तेच. तिला पलंगावर झोप यायची नाही, दाराजवळ घोंगडी टाकून झोपायची. संध्याकाळी खाली येऊन भुऱ्याशेजारी बसायची आणि दोघं रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. मला वाईट वाटायचं. मग मी तिला म्हणायचे, आक्का, आत ये, चहा घे. ती यायची आणि माझ्या कात्रणांच्या ढिगात बसून म्हणायची, "तुझं बरंय वहिदे, तुला काम हाय."

बकरी ईद जवळ आली तेव्हा मी तिलाच छावणीतल्या बकऱ्यांच्या बाजाराला घेऊन गेले. जनावराची पारख तिच्याइतकी कुणाला असणार? तिनं बकऱ्याचं तोंड उघडून दात बघितले, पाठीवरून हात दाबत नेला, आणि तिचा हात बघूनच विकणाऱ्यानं थापा मारणं बंद केलं. बकरा लई देखणा मिळाला. ईदेपर्यंत तो पार्किंगमध्ये बांधला.

आणि भुऱ्या उठला. मोटारसायकलखालून निघाला, बकऱ्याभोवती एक फेरी मारली आणि त्याच्यापुढं रस्त्याकडं तोंड करून बसला. त्या दिवसापासून कान उभे, डोळे उघडे. भाजीवाला आला तरी याची नजर त्याच्यावर. मी आक्काबाईला म्हटलं, बघ, तुझा कुत्रा जवान झाला. ती म्हणाली, "वाडा आला त्याचा." आम्हा दोघींनाही कौतुक वाटलं.

ईदेच्या आदल्या दिवशी मुनीब रिक्षा घेऊन आला. आमच्याकडं कुर्बानी सासऱ्यांच्या घरी होते, तिकडं बकरा न्यायचा होता. मी दावं सोडलं आणि ओढू लागले. बकरा हट्टी, पाय रोवून उभा राहिला आणि ओरडला. पुढचं मला नीट सांगता येत नाही. भुऱ्या भुंकला नाही, गुरगुरला नाही. आला आणि माझा उजवा हात अंगठ्याच्या बुडाशी धरला. तेवढ्यात जिन्यावरून आक्काबाईनं कसलासा आवाज काढला, जिभेनं, एकदाच. त्यानं हात सोडला आणि जाऊन बकऱ्यापुढं परत बसला. मी माझ्या हाताकडं बघत राहिले. दुखतंय हेसुद्धा कळत नव्हतं.

आक्काबाईनं मला दंडाला धरून नळाखाली नेलं. साबण लावून हात धूत राहिली. मी ओरडले तरी सोडेना. "पहिलं आमी चटणी भरायचो जखमंत," ती म्हणाली, "माणसं गेली त्यापायी. धू, आजून धू." मग मुनीबनं घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, इंजेक्शन सुरू झालं. तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्याची नस तुटली आहे, ऑपरेशन करावं लागेल. शिवणारीचा अंगठा गेला तर तिचं राहिलं काय?

संध्याकाळी मी बँडेज बांधून घरी बसले होते आणि मनात भांडण रचत होते. गोकुळ आला तर काय बोलायचं, आक्काबाई वरून कुरकुर करू लागली तर काय बोलायचं, सगळं ओठांवर तयार होतं. आक्काबाई आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेली भाकर होती.

"वहिदे," ती म्हणाली, "माझा कुत्रा तुला चावला. चूक माझी. बकरं त्यानं आपलं धरलंय हे मला दिसत व्हतं. त्याला बांधायला पायजे व्हता, म्या बांधला नाय."

एवढं रचलेलं भांडण, ते कुणाशी करायचं आता?

मग तिनं रीत सांगितली. त्यांच्या वाड्यावर अशी चाल होती. आपला कुत्रा कुणाला चावला तर तो माणूस तक्रार घेऊन येईल याची वाट बघायची नाही. दिवस मावळायच्या आत आपण त्याच्या दारात जायचं आणि चूक माझी म्हणायचं. हात बरा होईपर्यंत रोज त्याला भाकर पोचवायची. हात बरा झाला की त्यानं त्या भाकरीचा तुकडा आपल्या हातानं कुत्र्याला घालायचा. घातला की मिटलं.

"त्या कुत्र्याला मी घालू? माझ्या हातानं?" मी म्हटलं. "जन्मात नाही."

"बरं," ती म्हणाली. "भाकर तरी घे."

ईद झाली, बकरा गेला. त्याचं आक्काबाईला काही नव्हतं. सगळी हयात बकरी ईदेला बकरे विकत आलेली बाई ती. पण भुऱ्या रिकाम्या खुंट्यासमोर पडून राहिला. आता तो गोकुळनं साखळीनं बांधला होता. माझं ऑपरेशन झालं. आक्काबाई रोज भाकर घेऊन येत राहिली, कधी बाजरीची, कधी ज्वारीची, वर लसणाची चटणी. मी डाव्या हातानं कापड कापायचा प्रयत्न करायचे आणि ती दुसरं टोक धरून बसायची. वाकडंतिकडं कापलं गेलं की म्हणायची, "नीट व्हईल." मला राग यायचा. पण ती आली नाही तर करमायचंही नाही.

एक दिवस ती रिकामं फडकं घेऊन निघत होती आणि मुनीब आला. माझ्या खर्चाच्या क्लेमचा कागद त्यानं विमा कंपनीकडं पाठवला होता. त्यानं विचारलं, भाभी, ही रोज भाकर कसली? मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचं दारातलं बोलणंही सांगितलं. मुनीब मटकन खुर्चीत बसला.

"चूक माझी, असं बोलली ती? तुमच्या तोंडावर?"

"हो. मग काय झालं?"

"भाभी, गया क्लेम. पॉलिसीत अट आहे. कंपनीला विचारल्याशिवाय समोरच्यापुढं चूक कबूल करायची नाही. केली तर कंपनी हात वर करू शकते."

मला आधी वाटलं हा थट्टा करतोय. मी त्याला परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं, हळू आवाजात, जसं घरात कुणी गेल्यावर बोलतात.

"म्हणजे कुत्रं चावलं याला विमा आहे, आणि चावलं असं म्हणायला नाही?" मी म्हटलं. "अरे, खरं बोलायला परवानगी लागते का? हा कसला कायदा?"

"अटच आहे ती," तो म्हणाला. "कंपनी माणूस पाठवणार आहे चौकशीला. तो तुम्हाला विचारेल, ती काय बोलली. भाभी, सच नक्को बोलो. काही बोलली नाही म्हणा."

त्याच संध्याकाळी गोकुळ कामावरच्या कपड्यातच आला. तो वाईट मुलगा नाही, पण त्याचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, "भाभी, तुमचा खर्च बुडवायचा नाही मला. पण क्लेम पास झाला नाही तर मी भुऱ्याला ठेवणार नाही. उद्या एखाद्या लेकराला चावला आणि विम्यानं असंच केलं तर मी कुठून भरू? वैजापूरकडं एकाचं शेत आहे, तिकडं नेऊन सोडतो." आईला सांगितलंस का, असं मी विचारलं. "सांगितलंय," तो म्हणाला, "ती काहीच बोलली नाही."

मला माहीत होतं ती का बोलली नाही. भुऱ्या गेला तर त्या बाईचं इथं काय राहणार होतं? पार्किंगमध्ये ती कुणाशेजारी बसणार होती? मी ठरवलं, खोटं बोलायचं. मला काही ते जड जात नाही. गिऱ्हाइकाला रोज 'उद्या नक्की देते' म्हणणारी बाई मी.

चौकशीचा माणूस आला तो चांगला निघाला. राजेंद्र नाव सांगितलं, बूट बाहेर काढले, आधी हाताची चौकशी केली. मग लिहायला बसला. बकरा, दावं, रिक्षा, सगळं विचारलं. आणि नेमकी तेव्हाच आक्काबाई भाकर घेऊन दारात आली. मी डोळ्यांनी खुणावलं की वर जा. ती आत येऊन आपल्या जागी, कात्रणांत बसली.

"घटनेनंतर मालकांकडून तुम्हाला कुणी भेटलं का?" त्यानं विचारलं.

"या आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "हात बघितला आणि गेल्या."

तो लिहू लागला. आक्काबाई माझ्याकडं बघत होती. मी मशीनकडं बघत होते.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "ते खोडा. म्या म्हणलं व्हतं. चूक माझी, आसं म्हणलं. पहिल्याच दिशी, या दारात."

राजेंद्रनं लिहिणं थांबवलं. तो तिच्याकडं वळला आणि अगदी सांभाळून म्हणाला, "आजी, नीट आठवा. त्या वेळी तुम्ही घाबरल्या असाल. घाबरून माणूस काहीही बोलतं." देवाशपथ सांगते, तो माणूस तिला वाट काढून देत होता.

"घाबरायचं काय त्यात?" ती म्हणाली. "चावला हे खरं, म्या बांधला नाय हेबी खरं. मी नाय म्हणलं तर हिचा हात काय दारात चेमटला व्हय?"

त्यानं आधीचं खोडलं आणि तिनं सांगितलं ते लिहिलं. जाताना तिला वाकून नमस्कार केला त्यानं. मला कळेना, नमस्कार कसला करतोस बाबा, गळा कापून चाललास की.

तो गेला आणि मी आक्काबाईवर तुटून पडले. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, म्हटलं. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, तर मला त्या माणसापुढं तोंडघशी पाडलंस. आता गोकुळ कुत्र्याला नेणार, हे कळतंय का तुला?

"कळतंय," ती म्हणाली. "तू माझ्यापायी बोललीस, ते मी इसरणार नाय. पण वहिदे, मी काय म्हणलंच नाय, तर ही भाकर कसली मग? तू उपाशी व्हतीस म्हणून आणत व्हते व्हय?"

मी भाकर घेतली आणि आत गेले.

कंपनीचं उत्तर आलं, क्लेम नामंजूर. गोकुळ म्हणाला, भीक नको पण कुत्रं आवर, असा झाला हा विमा. सुटीच्या दिवशी त्यानं छोटा टेम्पो बोलावला. मुनीबही आला होता, तो म्हणाला, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. पण गोकुळ ऐकायच्या पलीकडं गेला होता. त्यानं साखळी सोडून दोर बांधला. भुऱ्या आपणहून टेम्पोत चढला आणि शेपूट हलवत बसला. त्याला वाटलं असणार, वाडा निघाला. ते बघून मला भडभडून आलं. मला. ज्या कुत्र्यानं माझा अंगठा फाडला त्याच्यासाठी.

गोकुळ ड्रायव्हरशी बोलत होता तेवढ्यात आक्काबाई जिना उतरून आली. खांद्यावर घोंगडी, काखेत गाठोडं. ती सरळ टेम्पोपाशी गेली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि भुऱ्याशेजारी बसली.

"माय, तू कुठं?" गोकुळनं विचारलं.

"जिकडं ह्यो."

"असं काय करतीस? तू उतर खाली."

"का? चुकलं त्याला धाडतोयस नव्हं तू?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "चूक माझी, आसं म्या सायबाकडनं लिवून घेतलंय. कुत्र्यानं त्याचं काम केलं. मंग धाडायचं त्याला धाड की."

गोकुळच्या हातातून दोर सुटला. त्याचा चेहरा मला आजही आठवतो, कुणीतरी कानाखाली वाजवल्यावर होतो तसा झाला होता. इतक्या दिवसांत ती बाई काही बोलली नव्हती ती यासाठी. तिचं तेव्हाच ठरलं होतं.

मी घरात गेले. सकाळची भाकर फडक्यात तशीच होती. ती घेऊन टेम्पोपाशी आले. बँडेज निघालं होतं, पण अंगठा वळत नव्हता. तरी उजव्याच हातानं तुकडा मोडला, अंगठ्यातून कळ गेली. हात पुढं करताना मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. भुऱ्यानं आधी तुकडा नाही, माझा हात हुंगला. वण होता तिथंच हुंगला. मग ओठांनी तुकडा अलगद उचलला.

"मिटलं," मी गोकुळला म्हटलं. "खर्चाचं आपण दोघं बसून बघू. कुत्र्याला त्यात ओढायचं नाही."

गोकुळ टेम्पोच्या फळीवर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं. आक्काबाई मात्र उतरली नाही. ती माझ्या हाताकडं बघत होती.

"हात बरा झाला व्हय, वहिदे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दाचं काम.

"नाही झाला," मी म्हटलं. "अंगठा वळत नाही अजून."

"मंग रीत मोडलीस की."

"मोडली."

तिनं गाठोडं आधी खाली टाकलं, मग ती उतरली, मग भुऱ्या. दोर कुणी धरला नव्हता. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून ती म्हणाली, "बरा नाय झाला तर उद्याबी आणावी लागंल भाकर."

"आण," मी म्हटलं. "मला थापता येत नाही."